सेवा केंद्राचा संगणक एक, माणसे शंभर: कुकीज कशा आवराव्यात?

घाटंजीकर (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, वीज बिल ही सगळी कामे दोन संगणकांवर होतात, आणि पेरणी व शाळाप्रवेश एकाच वेळी येतात त्या दिवसांत माणसांची संख्या शंभरापर्यंत जाते. मागच्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती इथे मांडतो, कारण माझ्यासारख्या प्रत्येक केंद्रचालकाकडून ती रोज होत असावी असे मला वाटते.

बारावी झालेली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून गेली. मी टॅब बंद केला, पण तिच्या खात्यातून लॉग आउट केले नाही. अर्ध्या तासाने शेजारच्या गावचे एक काका आपल्या मुलाच्या अर्जासाठी आले. मी तेच संकेतस्थळ उघडले, तर पान थेट त्या मुलीच्या खात्यात उघडले. तिचे छायाचित्र, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, बँक खाते, घरचे वार्षिक उत्पन्न असे सर्व पडद्यावर होते. काकांनी मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "भाऊ, हे आमचं नव्हे, बंद करा." मी त्या रात्री मुलीच्या वडिलांना फोन करून झालेला प्रकार सांगितला. त्यांनी रागावण्याऐवजी मला विचारले, "पासवर्ड तर तिने पुन्हा टाकलाच नव्हता, मग उघडलं कसं?" या प्रश्नाचे नीट उत्तर मला देता आले नाही. त्यानंतर चार रात्री वाचून जे समजले ते लिहितो. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

आपला ब्राउझर आणि संकेतस्थळाचा सर्व्हर (ते संकेतस्थळ जिथून चालते तो दूरचा संगणक) ज्या पद्धतीने बोलतात तिला स्मरण नसते. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की सर्व्हरच्या दृष्टीने आपण नवे माणूस असतो. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरकडे एक छोटा मजकूर देतो, ज्यात बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्या संकेतस्थळाकडे पुढच्या प्रत्येक वेळी जाताना सोबत पाठवतो. हीच कुकी. आठवडी बाजाराच्या दिवशी सायकल स्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळतो, तसे हे आहे. स्टँडवाला चेहरा ओळखत नाही, बिल्ला ओळखतो. बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला तर सायकलही त्याच्याच हाती जाते. त्या मुलीचा बिल्ला माझ्या संगणकात राहिला होता आणि काकांसाठी मी तोच पुढे केला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की कुकी माणसाला ओळखत नाही, ब्राउझरला ओळखते. शहरात एका माणसाचा एक फोन आणि एक लॅपटॉप असतो, तिथे हा फरक कोणाला जाणवत नाही. आमच्याकडे अख्ख्या घराचा एक फोन आणि अख्ख्या गावाचा एक संगणक असतो. कुकीज आवरण्याचे जे सल्ले वाचायला मिळतात ते जवळपास सर्व पहिल्या प्रकारच्या वापरासाठी लिहिलेले आहेत. सामायिक संगणकावर नेमके काय करावे, यावर कृपया अनुभव सांगा.

संत्रावाली
सोमवार, रात्री १०.४०

घाटंजीकर भाऊ, तुम्ही त्या मुलीच्या घरी स्वतःहून कळवले हे फार चांगले केले.

मी वरूड तालुक्यातली. आमच्या घरी स्मार्टफोन एकच आहे आणि तो मी, माझे पती, सासूबाई आणि दहावीतला मुलगा असे चौघे वापरतो. मध्यंतरी आम्ही संत्र्याच्या आंबिया बहराच्या फळगळीसाठी काही औषधांची माहिती एका शेतीविषयक संकेतस्थळावर पाहिली. दुसऱ्या दिवशी मुलगा विज्ञानाचा धडा शोधत होता, तर त्या पानाच्या कडेला फवारणी पंपाची जाहिरात. सासूबाई अभंगांचे पान वाचत होत्या, तिथेही तोच पंप. सासूबाईंना वाटले की फोन आपले बोलणे ऐकतो. त्यांच्या मनातली भीती घालवण्यासाठी मी ब्राउझरमधील सर्व कुकीज एकदम पुसल्या.

त्याचा परिणाम असा झाला की सगळ्या खात्यांतून आम्ही बाहेर पडलो. पुन्हा आत जायला ओटीपी हवा होता आणि तो ज्या क्रमांकावर येतो ते सिम साध्या फोनमध्ये घालून माझे पती नागपूरला कळमन्याच्या बाजारात माल घेऊन गेले होते. संपूर्ण दिवस काम अडले. माझे दोन प्रश्न आहेत. फवारणी पंप एका पानावरून दुसऱ्या पानावर आमच्या मागे कसा आला? आणि जे त्रासाचे आहे तेवढेच पुसता येते का?

वणीकर
मंगळवार, सकाळी ७.३०

मी मूळचा वणीचा, सध्या पुण्यात संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो. घाटंजीकर भाऊंचे विवेचन बरोबर आहे आणि बिल्ल्याची उपमाही अचूक आहे. तिच्यात एकच भर घालतो. एका स्टँडचा बिल्ला दुसऱ्या स्टँडवर दाखवलाच जात नाही; ज्या संकेतस्थळाने कुकी दिली, त्याच संकेतस्थळाकडे ब्राउझर ती परत पाठवतो. बँकेची कुकी बातम्यांच्या संकेतस्थळाला वाचता येत नाही. कुकी हा प्रोग्राम नसून साधा मजकूर असतो, साधारण ४ किलोबाइटपर्यंतचा, त्यामुळे ती फोनमधले फोटो पाहत नाही आणि बोलणेही ऐकत नाही. ताई, सासूबाईंना हे निःशंकपणे सांगा.

मग पंप मागे कसा आला? आपण उघडतो ते पान एका ठिकाणाहून येते असे वाटते, पण त्यातला जाहिरातीचा चौकोन बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून आणला जातो. तो आणताना ब्राउझर त्या कंपनीशीही बोलतो आणि तीही आपली कुकी ठेवून देते. शेतीच्या पानावर, धड्याच्या पानावर आणि अभंगांच्या पानावर एकाच कंपनीचा चौकोन असेल, तर तिन्ही ठिकाणी तिला तोच क्रमांक दिसतो. त्या कंपनीला तुमचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. "या क्रमांकाने फळगळीचे औषध पाहिले" एवढे तिला पुरते. यांना थर्ड-पार्टी कुकीज म्हणतात. तुमच्या घरातली चार माणसे तिच्या लेखी एकच गिऱ्हाईक आहेत, म्हणून शेतीची जाहिरात अभंगांवर आली.

कुकीचा जन्म मात्र जाहिरातीसाठी झाला नव्हता. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने ती घडवली, तेव्हा ऑनलाइन दुकानात निवडलेल्या वस्तू पान बदलले तरी लक्षात राहाव्यात ही अडचण सोडवायची होती. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या जगात 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता, त्यावरून हे नाव पडले. पाळतीसाठी तिचा वापर पुढे वाढत गेला आणि ब्राउझरांनी त्याला आळा घालायला बराच उशीर केला. सफारीने मार्च २०२० मध्ये थर्ड-पार्टी कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकीची वेगळी बरणी ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे एका पानावरचा क्रमांक दुसऱ्या पानावर जुळत नाही. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करण्याचे जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. आपल्या भागातले बहुतेक फोन अँड्रॉइडचे असून त्यांत क्रोमच आधीपासून असतो, तेव्हा ही खबरदारी आपल्यालाच घ्यावी लागते. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके, तिथून सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, आणि त्यात थर्ड-पार्टी कुकीज अडवण्याचा पर्याय आहे. तो एकदा निवडला की पुन्हा पाहावे लागत नाही आणि तुम्ही कोणत्याही खात्यातून बाहेरही पडत नाही.

ताईंचा दुसरा प्रश्न: होय, निवडून पुसता येते. त्याच साइट सेटिंग्जमध्ये सर्व साइट्सची यादी असते. तिथे नको असलेल्या संकेतस्थळाचे नाव दाबून फक्त त्याचा डेटा हटवता येतो. सगळे एकदम पुसण्याची वेळ फार क्वचित येते.

आता सामायिक संगणकाविषयी. यात एक बारकावा आहे जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टॅब बंद केल्याने कुकी जात नाही. ब्राउझर पूर्ण बंद केल्यावर तात्पुरत्या कुकीज जायला हव्यात, पण "मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून सुरू करा" हा पर्याय चालू असेल तर त्याही टिकतात. मुदतीच्या कुकीज तर ठरलेल्या तारखेपर्यंत राहतातच. क्रोमने २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे. शिवाय कुकी पुसणे आणि लॉग आउट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुकी पुसली म्हणजे आपल्याकडचा बिल्ला फेकला. स्टँडवाल्याच्या वहीत तो क्रमांक अजून चालूच असतो. लॉग आउट दाबले की, संकेतस्थळ नीट बांधलेले असेल तर, वहीतली नोंदही खोडली जाते. म्हणून आधी लॉग आउट आणि मग पुसणे, हाच क्रम ठेवावा.

त्या मुलीच्या बाबतीत चूक एकट्या केंद्रचालकाची होती असे मी मानत नाही. जातीचा दाखला आणि बँक खाते ज्या पानावर दिसते, तिथे काही मिनिटे हालचाल झाली नाही तर सर्व्हरने स्वतःहून सत्र संपवायला, म्हणजे खात्यातून बाहेर काढायला हवे. अर्धा तास रिकामे असलेले खाते उघडे राहते, ही बांधणाऱ्याची हयगय आहे, आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांनी ती कबूल केली पाहिजे.

मास्तर
मंगळवार, दुपारी ४.०५

मी मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत शिक्षक आहे. आमच्या संगणक कक्षात क्रोमचा गेस्ट मोड वापरतो. वरच्या कोपऱ्यातील प्रोफाइलच्या चित्रावर दाबले की तो पर्याय येतो, आणि ती खिडकी बंद केली की त्यातल्या कुकीज व इतिहास दोन्ही जातात. केंद्रावर प्रत्येक नागरिकासाठी नवी गेस्ट खिडकी उघडावी आणि काम संपले की त्याच्या देखत बंद करावी, असे मी सुचवेन.

एक सावधगिरी मात्र अवश्य सांगतो. गेस्ट असो वा इन्कॉग्निटो (ब्राउझरची खाजगी खिडकी), उतरवून घेतलेल्या फायली राहतात. आमच्या कक्षातील डाउनलोड्सचा फोल्डर उघडला तेव्हा त्यात मुलांच्या आधार कार्डांच्या पीडीएफ प्रती निघाल्या. कुकी पुसली आणि आधार तसेच राहिले, तर काय साधले?

घाटंजीकर
मंगळवार, रात्री ९.५०

मास्तर, तुमचे वाचून लगेच आमचा डाउनलोड्स फोल्डर पाहिला. मागच्या हंगामापासूनची कागदपत्रे त्यात होती. छपाई झाल्यावर तो रोज संध्याकाळी रिकामा करायचा, आणि रिसायकल बिनसुद्धा, असे आजपासून ठरवले आहे.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ती सांगतो. अनेक संकेतस्थळे उघडताच खाली एक पट्टी येते. ती इंग्रजीत असते आणि "सर्व स्वीकारा" हे बटण ठळक रंगात असते. नाकारण्याचा पर्याय फिक्या अक्षरांत किंवा आणखी एका पानाआड असतो. खुर्चीत मी बसलेलो असतो, काम समोरच्या कास्तकाराचे असते, रांग दारापर्यंत असते, आणि मी काहीही न वाचता "सर्व स्वीकारा" दाबतो. म्हणजे त्याची संमती मीच दिली, आणि आपण संमती दिली हे त्याला ठाऊकही नाही. पुढे लक्षात आले की आपण पट्टीवर काय निवडले, हेही ब्राउझर कुकीतच जपतो. त्यामुळे सकाळी पहिल्या माणसासाठी मी जे दाबले ते दिवसभर प्रत्येकाला लागू होते आणि बाकीच्यांना ती पट्टी दिसतसुद्धा नाही. एकाची संमती गावभर चालवायचा अधिकार मला कोणी दिला? याबाबत कायदा काय म्हणतो, हे कोणी सांगू शकेल का?

वर्धेची वकील
बुधवार, सकाळी ११.२०

ही पट्टी मुळात युरोपमुळे आली. तिथे ऑनलाइन गोपनीयतेविषयीच्या २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन अनावश्यक कुकीजसाठी आधी संमती घेणे बंधनकारक झाले आणि मे २०१८ पासून डेटा संरक्षणाच्या नव्या नियमावलीने संमतीची व्याख्या कडक केली. चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवली असेल तर ती संमती धरता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पष्ट केले. स्वीकारणे एका दाबात आणि नाकारणे मात्र अनेक दाबांत, या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता. तुम्ही वर्णन केलेली फिकी अक्षरे हीच ती अडचण.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. हा कायदा कुकीचे नाव घेऊन बोलत नाही, पण कुकीतून व्यक्तीची ओळख पटत असेल तर ती माहिती त्याच्या कक्षेत येते. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली आणि निःसंदिग्ध असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे त्यात आहे. आपल्या दृष्टीने आणखी मोलाची तरतूद अशी की संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा मराठी सूचनेची मागणी करताना संकोच करण्याचे कारण नाही.

अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे यांना हा कायदा, काही सवलती वगळता, मनाई करतो. परंतु संत्रावाली ताईंच्या घरातला फोन चौघांचा आहे. त्या वेळी तो दहावीतल्या मुलाच्या हातात आहे हे संकेतस्थळाला कसे कळणार, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

केंद्रचालकाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. तुम्ही दुसऱ्याच्या वतीने बटण दाबत असाल तर त्याला विचारून दाबा. दोन वाक्ये पुरतात.

संत्रावाली
बुधवार, रात्री ८.३०

वणीकर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे थर्ड-पार्टी कुकीज अडवल्या. कोणत्याही खात्यातून बाहेर पडावे लागले नाही. जाहिराती येतातच, पण अभंगांच्या पानावरचा पंप गेला. बाजारभावाच्या ॲपमध्ये मात्र तो अजून दिसतो. तिथेही कुकीच असते का?

वणीकर
बुधवार, रात्री ११.१०

नाही, ताई. ॲप ब्राउझरच्या कुकीवर चालत नाही. अँड्रॉइड फोनला एक जाहिरात क्रमांक दिलेला असतो आणि अनेक ॲप्स तोच वापरतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता किंवा गुगल या भागात जाहिराती हा पर्याय शोधा. तिथे तो क्रमांक हटवता येतो. प्रत्येक फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते.

घाटंजीकर भाऊंसाठी आणखी एक गोष्ट. केंद्रांवर अनेकदा छपाईसाठी किंवा फोटो कापण्यासाठी फुकटात मिळालेले, कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर टाकलेले असते. अशा सॉफ्टवेअरमध्ये कुकीज चोरणारे प्रोग्राम लपवलेले आढळतात. लॉगिनची कुकी चोराला मिळाली तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण तो टप्पा आधीच पार पडलेला असतो. तुमच्या संगणकात शंभर माणसांचे बिल्ले असतील तर शंभर माणसांचे नुकसान होईल. ते सॉफ्टवेअर काढून टाका.

घाटंजीकर
दोन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.२५

सर्वांच्या सांगण्यावरून केलेले बदल आणि त्यांत आलेल्या अडचणी कळवतो.

माझे स्वतःचे शासकीय लॉगिन एका वेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवले, कारण बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रासाठी लागणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) गेस्ट मोडमध्ये चालत नाही. नागरिकांची बाकी सर्व कामे गेस्ट खिडकीत होतात. दुसऱ्या संगणकावर फायरफॉक्स असून त्यात "बंद करताना कुकीज हटवा" हा पर्याय चालू केला आहे. कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर काढले. फोटो कापायचे काम आता थोडे हळू होते, ते चालेल.

पट्टी आली की मी पडदा समोरच्या माणसाकडे वळवतो आणि सांगतो, "या संकेतस्थळाला तुमच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायची आहे. कामापुरती ठेवू देऊ, की सगळी?" आतापर्यंत एकानेही "सगळी" म्हटलेले नाही. प्रत्येक माणसामागे अर्धा मिनिट जास्त जातो आणि रांगेत कुरबुर होते, विशेषतः विम्याची मुदत जवळ आली की. तरी हे सोडणार नाही.

एक अडचण उरली होती. वीज बिल भरताना बँकेचे पान त्याच पानाच्या आतल्या चौकटीत उघडायचे आणि पुन्हा पुन्हा सुरुवातीला परतायचे. वणीकर भाऊंनी निरोपातून कारण सांगितले: आतली चौकट बँकेची असल्यामुळे तिची कुकी इथे थर्ड-पार्टी ठरते आणि अडवली जाते. पत्त्याच्या पट्टीत अशा वेळी डोळ्यावर काट मारल्याचे चिन्ह दिसते. ते दाबून त्या एकाच संकेतस्थळापुरती परवानगी दिली, बिल भरले आणि गेस्ट खिडकी बंद केली. खिडकी बंद झाल्यावर ती परवानगीही गेली.

ती शिष्यवृत्तीवाली मुलगी काल अर्जाची स्थिती पाहायला आली होती. काम झाल्यावर लॉग आउट तिने स्वतः दाबले, आणि मी खिडकी बंद करेपर्यंत ती उठली नाही.